इतिहास शिकावा कसा आणि तपासावा कसा

इतिहासाचा विषय निघाला कीं पुष्कळ पालकांच्या डोळ्यांपुढें सनावळी उभी राहते. मुलानें सन बिनचूक म्हणून दाखविले म्हणजे त्यास इतिहास आला, असें आपण धरून चालतों. पण पाठांतरावरून स्मरणशक्ति कळते. इतिहासाची समज कळत नाहीं. ती पाहावयाची तर "हें तुला कशावरून कळलें?" असें मुलास विचारावें.

अशा अभ्यासास आमचें दाभोळ फार सोयीचें आहे. वाशिष्ठीच्या मुखावरील हें बंदर बहमनी काळीं भरभराटीस आलें होतें. पंधराव्या शतकांत अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी परत जातांना येथूनच होर्मुझकडे निघाला. त्याच्या प्रवासवर्णनांत दाभोळचा उल्लेख आहे. १५०८ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा यानें दीवकडे जातांना हें शहर जाळलें. येथील घुमटाची दगडी मशीद मात्र त्यानंतरची, विजापूरच्या आदिलशाहींतील. राजकन्या आयेशाबीबी मक्केस निघाली असतां येथें अडकली, व यात्रेचें द्रव्य तिनें १६५९ च्या सुमारास या बांधकामीं वेंचिलें, अशी आख्यायिका आहे.

आतां तिसऱ्या-चौथ्या इयत्तेंतील मुलांस मशिदीपाशीं नेऊन विचारावें: "आल्मेदानें ही इमारत पाहिली असेल काय?" येथें नुसते सन पाठ असून भागत नाहीं, आधीं काय व मागून काय, हें लावावें लागतें. मग विचारावें: "शहर जाळणाऱ्यानें लिहिलेली हकीकत आणि ज्याचें घर जळलें त्याची हकीकत एकच असेल काय?" शेवटीं पाटीवर तीन रकाने आंखून द्यावे: डोळ्यांनीं पाहिलेलें, दुसऱ्यानें सांगितलेलें, आणि आपण तर्कानें काढलेलें. घुमट पहिल्या रकान्यांत जाईल, आयेशाबीबी दुसऱ्या.

गुण देतांनाही हेंच धोरण असावें. उत्तर चुकलें तरी कारण सयुक्तिक असल्यास कांहीं गुण द्यावे. उत्तर बरोबर पण कारण मुळींच नाहीं, तर पूर्ण देऊं नयेत. वर्षाच्या आरंभीं व अखेरीस तोच प्रश्न विचारला म्हणजे मुलाची प्रगति दिसून येते.

पालकहो, याचें महत्त्व परीक्षेपुरतें नाहीं. दाभोळांत चंडिकेचें देऊळ आहे आणि मशीदही आहे. पूर्वजांविषयीं ऐकीव गोष्टींवरून शेजाऱ्याशीं वैर धरणारी माणसें एकदां लहान मुलेंच होतीं. मुलांनो, आजीनें जुनी गोष्ट सांगितली तर ती आदरानें ऐका, आणि मग नम्रपणें विचारा, "आजी, हें तुला कोणीं सांगितलें?"