आभाळाचे छायाचित्र घेताना

पावसाळा उतरणीला लागला की वर्तमानपत्रांतून इंद्रधनुष्याची छायाचित्रे हटकून दिसू लागतात. खाली बहुधा ‘अचूक टिपलेला क्षण’ अशा थाटाची ओळ असते. ती वाचून आपल्याला वाटते, की ही चित्रे म्हणजे निव्वळ दैवाचा खेळ. त्या वेळी ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याचे नशीब! दैवाचा भाग त्यात आहे, नाही असे नाही. ढग कुणाच्या सांगण्याने येत नाहीत. पण ढग आल्यावर आकाशात काय दिसेल, कोणत्या बाजूला दिसेल आणि किती मोठे दिसेल, हे पुष्कळसे आधी सांगता येते. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. सूर्य कुठे आहे आणि आपण कुठे उभे आहोत, एवढे नीट पाहावे लागते.

आधी एक मोजपट्टी हाताशी असू द्या. ती प्रत्येकाजवळ आहे. हात समोर ताठ करून बोटे फाकवा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत आकाशाचा सुमारे वीस अंशांचा तुकडा झाकते. मुलाची वीत लहान, पण त्याचा हातही तितकाच आखूड. म्हणून मोजमाप फारसे बदलत नाही. ही वीत आपल्याला पुढे वारंवार लागणार आहे.

पहिल्याने सूर्य पाठीशी असतानाची दृश्ये घेऊ. इंद्रधनुष्य त्यांतले सर्वांच्या ओळखीचे. पावसाच्या थेंबात शिरताना सूर्यकिरण वाकतो, आतल्या बाजूने परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. या खटाटोपात रंग सुटे होतात आणि तांबडा रंग मध्यापासून सुमारे ४२ अंशांवर दिसतो, म्हणजे आपल्या दोन विती. मध्य कोठला? तुमच्या डोक्याची सावली ज्या दिशेला पडते, त्याच रेषेवर धनुष्याचा मध्य असतो. त्यामुळे सकाळचे धनुष्य पश्चिमेला आणि संध्याकाळचे पूर्वेला. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की सारी कमान क्षितिजाखाली जाते. साधी खूण सांगतो: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर सपाट जमिनीवरून पावसात धनुष्य शोधत बसू नका. उलट सूर्य मावळतीला टेकला असेल, तर जवळजवळ अर्धवर्तुळ मिळेल.

आता भिंगाचा हिशेब पाहा. पूर्ण कमानीची रुंदी ८४ अंशांपर्यंत जाते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग लावले, तर चौकटीच्या रुंदीत जेमतेम ४० अंश मावतात. म्हणजे धनुष्याचे अर्धेच अंग! सबंध कमान हवी असेल तर २० मिलिमीटर किंवा त्याहून आखूड भिंग हवे. मोबाईल असेल तर त्यातले सर्वांत विस्तृत भिंग निवडावे. ध्रुवण-फिल्टर वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. धनुष्याचा प्रकाश मोठ्या प्रमाणात ध्रुवित असतो. फिल्टर एका बाजूला फिरवला तर रंग खुलतात, आणि भलत्या बाजूला फिरवला तर धनुष्य जवळजवळ पुसले जाते.

सूर्य पाठीशी ठेवून दिसणारे दुसरे दृश्य अधिक दुर्मिळ, आणि आपल्या सह्याद्रीशी त्याचे नाते आहे. ते म्हणजे इंद्रवज्र. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला लेख लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यात आपण रंगीत वर्तुळ पाहिले, आणि त्याच्या मध्यभागी आपली, आपल्या घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली होती, असे त्यात त्याने नमूद केले आहे. पुष्कळ ठिकाणी ‘साइक्सने १८३५ साली इंद्रवज्र पाहिले’ असे लिहिलेले आढळते. पण १८३५ हे लेख छापल्याचे साल. स्वारी १८३१ सालीच हिंदुस्थान सोडून गेली होती! नोंदीतली तारीख सैल राहिली की असे होते. छायाचित्रणकलेची जगाला ओळख झाली ती १८३९ साली. तेव्हा साइक्सजवळ शब्दांखेरीज दुसरे साधनच नव्हते.

इंद्रवज्र कोकणकड्यावरूनच का दिसावे? हा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. पाऊस ओसरताना, सकाळच्या वेळी खाली कोकणाच्या बाजूला धुके दाटलेले असते आणि पाठीमागून पूर्वेचे कोवळे ऊन येते. आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगांची वलये उमटतात. धुक्याचे कण पावसाच्या थेंबांपेक्षा पुष्कळच बारीक. ते प्रकाश जवळपास आल्या वाटेने परत फेकतात, म्हणून हे वर्तुळ धनुष्याहून खूप लहान, काही थोड्या अंशांचे असते. कण जितके बारीक, तितके वलय मोठे. संध्याकाळी मात्र त्याच कड्यावर सूर्य समोर येतो; मग धुके कितीही असो, इंद्रवज्र दिसायचे नाही. जर्मनीतल्या ब्रोकन पर्वतावर धुक्यात दिसणाऱ्या थोराड सावलीला ‘ब्रोकनचे भूत’ म्हणतात. तिच्या डोक्याभोवती वलये असली, तर ती याच जातीची.

इथे एक गंमत आहे. कड्यावर दहा माणसे उभी असली, तर प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू. वलयाचा मध्य कॅमेऱ्याच्या भिंगाच्या सावलीवर असतो. कॅमेरा कमरेजवळ धरून चित्र घेतले, तर चित्रातले वलय कमरेभोवती येईल! विमानाच्या खिडकीतून खालच्या ढगांवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती वलय दिसते, त्याचे चित्र नीट पाहिले तर घेणारा पुढे बसला होता की पंखाच्या मागे, हेही सांगता येते.

कुणी म्हणेल, हे सगळे हौशी लोकांचे चाळे! तर सी. टी. आर. विल्सन यांची हकीकत ऐका. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस पर्वतावरच्या वेधशाळेत १८९४ च्या सप्टेंबरात ते काही दिवस राहिले होते. ढगांवर उमटणारी हीच रंगीत वलये त्यांनी तिथे पाहिली आणि ती प्रयोगशाळेत करून पाहावीत असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी त्यांनी काचेच्या पात्रात कृत्रिम ढग तयार करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘मेघकोष्ठ’ हे उपकरण तयार झाले. १९११ साली त्याच्या साह्याने त्यांनी अणूहूनही सूक्ष्म कणांच्या वाटांची छायाचित्रे घेतली, आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरा प्रकार: सूर्य किंवा चंद्र समोर असतानाचा. आपण म्हणतो, ‘चंद्राला खळं पडलंय.’ खेड्यातली जाणती माणसे खळे जवळ की लांब, हे पाहून पावसाचा अदमास बांधतात. पदार्थविज्ञान सांगते, की ही दोन मुळात वेगळीच दृश्ये आहेत. लांबचे खळे फार उंचावरच्या पातळ ढगांतल्या षट्कोनी हिमकणांमुळे पडते. त्याची त्रिज्या सदोदित २२ अंश, म्हणजे एक वीत आणि थोडे वर. त्याची आतली कड तांबूस असते आणि आतले आकाश जरा काळवंडलेले दिसते. जवळचे खळे पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडते. ते चंद्राला अगदी चिकटून असते आणि त्याची तांबूस कड बाहेरच्या अंगाला असते. पाऊस पडेलच अशी हमी दोन्ही देत नाहीत. वर कोणत्या जातीचे ढग आहेत, एवढे मात्र खात्रीने सांगतात. आपल्याकडे हा विषय नवा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत परिवेष म्हणजे खळे, इंद्रायुध म्हणजे धनुष्य, आणि प्रतिसूर्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत.

सूर्याच्या खळ्याचे चित्र घेताना सूर्याला आडोसा करावा. माडाचे खोड, दिव्याचा खांब, घराची वळचण, काहीही चालेल. त्यामुळे खळ्याचे रंग उजळून येतात आणि डोळाही वाचतो. भिंगातून थेट दिसणाऱ्या कॅमेऱ्याला डोळा लावून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंग सूर्यकिरण एकवटते, आणि नेत्रपटल भाजल्याची वेदना त्या क्षणी होतही नाही. पूर्ण खळ्याचा व्यास ४४ अंश असल्यामुळे २४ मिलिमीटरचे भिंग त्याला पुरते.

तिसरा प्रकार विजांचा. जुन्या चित्रांत वीज करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी काढीत. १८८२ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज याने घेतलेल्या छायाचित्रात ती झाडाच्या मुळ्यांसारखी फुटलेली दिसली. पुढे चार्ल्स बॉइज यांनी फिरत्या भिंगाचा कॅमेरा योजला, आणि १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बॅसिल शॉनलंड यांनी त्याच पद्धतीने दाखवून दिले, की वीज ढगातून एका झेपेत उतरत नाही. ती साधारण पन्नास मीटरांच्या टप्प्याटप्प्याने खाली येते आणि जमिनीशी दुवा जुळताच लखलखाट होतो. वादळी ढगांच्या माथ्यावरही विद्युत्प्रकाश चमकावा, असे विल्सन यांनी १९२० नंतरच्या दशकात मांडले होते. वैमानिक तसे पाहिल्याचे सांगतही असत. पण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांच्या कॅमेऱ्यात १९८९ साली तो प्रकाश योगायोगाने उमटला, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला.

विजेचे चित्र घेण्याची रीत सोपी आहे. रात्रीची वेळ, कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि झडप दहा ते तीस सेकंद उघडी. वीज आपली सही आपणच करून जाते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, आणि परतीच्या पावसात अशा संध्याकाळी पुष्कळ मिळतात.

रीत सोपी असली तरी जागा सोपी नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, की वीज दहा किलोमीटरांच्या आत आली. मग तिपाई तिथेच सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. गच्ची, उघडे माळरान, एकटे झाड, तळ्याचा काठ ही सगळी मृत्यूची ठिकाणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर जवळच्या विजांची सूचना देते, तेही जवळ असावे. कोकणकड्यावरही हीच सावधगिरी हवी. कड्याची कड ओली, वारा बेभरवशाचा, आणि धुक्यात पुढच्या पावलाखाली खडक आहे की नाही ते कळत नाही. काठापासून मागे राहूनही सावली धुक्यात पडेल अशी जागा शोधावी. ती सापडली नाही, तर ते चित्र सोडून द्यावे.

शेवटची गोष्ट खऱ्या-खोट्याची. आज संगणकावर घटकाभरात हवे ते आभाळ तयार करता येते. पण जो ते तयार करतो, त्याला कोनांचे भान असतेच असे नाही. एकाच साध्या चौकटीत धनुष्याच्या पोटात सूर्य दिसला, की चित्र बनावट समजा. झाडांच्या सावल्या पुढे वाढवल्या तर त्या धनुष्याच्या मध्याकडे गेल्या पाहिजेत. गेल्या नाहीत तर गोम आहे. मुख्य धनुष्यात तांबडा रंग बाहेर असतो. बाहेरच्या फिकट धनुष्यात तो आत येतो, आणि दोहोंमधला पट्टा आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळसर असतो. एवढी कसोटी लावायला शाळकरी मूलही पुरे.

आणि स्वतः चित्र घ्याल, तेव्हा मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवा. दोन-तीन चित्रे जोडून एक केले असेल, तर तसे स्पष्ट लिहा. चित्रासोबत तारीख, वेळ, गाव, कोणत्या दिशेला तोंड होते आणि कोणते भिंग होते, या पाच गोष्टी वहीत टिपून ठेवा. पुढच्या सरीनंतर ऊन पडले, की सूर्याकडे पाठ करा, आपली सावली पाहा आणि तिच्या डोक्यापासून दोन विती मोजा. कॅमेरा त्यानंतर उघडलात तरी चालेल.