मुक्या धनाचे शास्त्र : पशुवैद्यक व कुक्कुटपालनाचे विद्यापीठीय शिक्षण

शेतकऱ्याच्या घरी पीक हंगामाला एकदा येते; दूध मात्र दररोज सकाळ-संध्याकाळ येते. पाऊस लांबला, पुराने भात वाहून गेले किंवा उभ्या पिकावर रोग पडला, तरी दावणीची म्हैस आणि परसातील दहा-वीस कोंबड्या घरातील मीठ-मिरची चालवितात व मुलांच्या वह्या-पुस्तकांची तरतूद करतात. ज्यांना स्वतःची जमीन नाही, अशा कुटुंबांचे तर एखादी गाय किंवा दोन-चार शेळ्या हेच सारे भांडवल असते. ते जनावर एका रात्रीत दगावले, तर घराची घडी विस्कटून जाते. या धनाचे रक्षण ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्याचे ज्ञान किती खोल असावयास हवे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

पशुवैद्यकाचे शिक्षण म्हणजे माणसांच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा न मिळाल्यास धरावयाची दुसरी वाट, असा समज अनेक घरांत व काही शाळांतही रूढ आहे. त्यामुळे दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे हा विषय स्वतंत्रपणे मांडलाच जात नाही. पुष्कळदा या अभ्यासक्रमाची माहिती मिळते तेव्हा प्रवेशाची वेळ निघून गेलेली असते. यास्तव या शास्त्रात काय शिकविले जाते, त्यासाठी इतकी वर्षे का लागतात आणि प्रवेशाची तयारी केव्हापासून करावी लागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शिक्षणाची परंपरा

भारतातील आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा आरंभ १८६२ साली पुणे येथील लष्करी शाळेपासून झाला. तेथील शिक्षणाचा मुख्य हेतू सैन्यातील घोड्यांची निगा हा होता. १८८६ साली मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या उदार देणगीतून उभ्या राहिलेल्या जनावरांच्या रुग्णालयाचा या कार्याला मोठा आधार मिळाला. १८८९ मध्ये पुण्यातच जनावरांच्या रोगांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तिच्यातूनच पुढे इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आकारास आली.

या परंपरेचे फळ काय, हे पाहावयाचे तर बुळकांडी रोगाची हकीकत पुरेशी आहे. एके काळी या रोगाने गावेच्या गावे बैलांविना ओस पडत. मुक्तेश्वर येथे १९२० च्या दशकात या रोगाचे विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा संक्रमित करून सौम्य करण्यात आले आणि त्यापासून लस सिद्ध झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ पासून देशव्यापी लसीकरण सुरू झाले. देशातील शेवटचा रुग्ण १९९५ साली नोंदला गेला. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवी या रोगानंतर पृथ्वीवरून समूळ उच्चाटन झालेला हा दुसराच रोग होय. आज गोठ्यात हे नावही ऐकू येत नाही, यामागे प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांपासून दारोदारी लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत कित्येक पिढ्यांचे श्रम आहेत.

अभ्यासक्रमाची घडण

या शाखेच्या पदवीचे नाव ‘पशुवैद्यक व पशुसंवर्धन’ असे जोडनाव आहे आणि ते सार्थ आहे. रोग बरा करणे हा एक भाग आणि जनावर निरोगी व उत्पादनक्षम राखणे हा दुसरा भाग, असे हे दुहेरी शास्त्र आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार अभ्यासक्रमाचा कालावधी साडेपाच वर्षांचा आहे. त्यांपैकी साडेचार वर्षे अध्ययनाची व एक वर्ष प्रत्यक्ष सेवेतील प्रशिक्षणाचे असते.

प्रारंभी शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधन व्यवस्थापन हे विषय येतात. माणसांच्या डॉक्टरास एकाच प्राण्याचे शरीर शिकावयाचे असते. येथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी या सर्वांचे शरीर अभ्यासावे लागते. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात व पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चाऱ्याचे पचन करीत असतात. म्हणून गाईला चारताना या सूक्ष्मजीवांनाही चारावे लागते. धान्य किंवा शिळा भात एकाएकी पोटभर खाऊ घातल्यास त्या कप्प्यात आम्लता वाढते आणि प्रेमाने दिलेला घास जनावराच्या जिवावर बेततो. घोड्याचे पोट एकच असून त्याला ओकारी करता येत नाही. कोंबडीला दात नसतात. तिचे दाणे स्नायुमय पेषणीत दळले जातात. ही भिन्नता ज्यास ठाऊक नाही, त्याचा उपचार म्हणजे अंधारातील चाचपडणे होय.

त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र, परोपजीवीशास्त्र, पशुआहार, आनुवंशिकी व पैदास आणि औषधशास्त्र हे विषय क्रमाने येतात. औषधशास्त्राचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरांना सर्रास दिले जात असे. ते टोचल्यावर थोड्याच दिवसांत मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे संशोधनान्ती २००४ साली सिद्ध झाले. तोवर देशातील बहुसंख्य गिधाडे नष्ट झाली होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. गोठ्यातील एका सुईचा परिणाम आकाशातील पक्ष्यांपर्यंत पोहोचतो, तो असा.

अखेरच्या वर्षांत रोगचिकित्सा, शल्यक्रिया, प्रसूतिशास्त्र व विस्तारकार्य यांवर भर असतो. रुग्ण बोलत नसल्यामुळे डोळे, कान व हात हीच निदानाची साधने ठरतात. रवंथ थांबली आहे काय, नाकपुडी कोरडी आहे काय, शेण कसे आहे, कास गरम लागते काय, या खुणांवरून रोगाचा माग काढावा लागतो. गाय माजावर कधी येते हे ओळखणे, सकाळी माज दिसल्यास सायंकाळी कृत्रिम रेतन करणे, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये रेतमात्रा सांभाळणे, अडलेले वासरू गाईला इजा न होऊ देता सोडविणे, ही सारी कौशल्ये हातांनीच शिकावी लागतात.

काय करू नये, हेही या शास्त्रात शिकविले जाते. काळपुळी रोगाने मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते. अशा जनावराचे शव फाडावयाचे नसते. शव उघडताच त्या रोगाचे जंतू हवेच्या संपर्काने कवचबद्ध होतात व ती जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. अशा वेळी कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन निदान केले जाते आणि शव खोल पुरून वर चुना टाकला जातो. हे ज्ञान गावात नसेल, तर एका जनावराच्या मृत्यूतून माणसांवरही संकट ओढवते.

कुक्कुटशास्त्र : थव्याचे वैद्यक

कोंबड्यांच्या बाबतीत विचाराची दिशाच पालटते. म्हैस आजारी पडली तर त्या एका म्हशीवर उपचार होतात. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये मात्र संपूर्ण थवा हाच रुग्ण असतो. सकाळी मेलेल्या दोन पक्ष्यांचे शवविच्छेदन करून उरलेले पक्षी वाचविणे, ही येथील रीत आहे.

पिलांचे संगोपन हा या अभ्यासातील पहिला धडा होय. अंडे एकवीस दिवसांत उबते. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे पाच अंशांनी कमी केली जाते. उष्णतामापक हाती नसला तरी जाणकारास पिले स्वतःच सांगतात. ती दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उष्णता अधिक आहे आणि सर्वत्र सारखी विखुरली तर सर्व ठीक आहे, असे समजावे.

कोंबड्यांचा सर्वांत परिचित शत्रू म्हणजे मानमोडी. १९२८ साली कुमाऊँमधील राणीखेत येथे या रोगाची नोंद झाली, म्हणून त्यास राणीखेत रोग असेही म्हणतात. त्यावर प्रभावी लस आहे. परंतु लस असणे आणि लस लागू पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ती अखेरपर्यंत शीत अवस्थेत राहिली पाहिजे. पाण्यातून द्यावयाची असल्यास त्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असता कामा नये, अन्यथा लसीतील जिवंत विषाणू नष्ट होऊन ती निरुपयोगी ठरते. लस देऊनही पक्षी मेले, अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा दोष अशा एखाद्या तपशिलात असतो.

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश खर्च खाद्यावर होतो. म्हणून खाद्यातील प्रथिने, ऊर्जा, चुना व क्षार यांचे गणित विद्यार्थ्याला चोख यावे लागते. परसातील पालनासाठी हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया आणि बेंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज या जाती उपयुक्त ठरल्या आहेत. गावठी कोंबडीचा काटकपणा व अधिक उत्पादन यांचा मेळ घालण्याचा हा शास्त्रीय प्रयत्न होय.

गोठ्याचे आणि घराचे आरोग्य

माणसांचे अनेक रोग मूळचे प्राण्यांचे असतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यापासून होणारा रोग सर्वांस ठाऊक आहे. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू न तापविलेल्या दुधातून, तसेच गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी काढताना माणसाच्या शरीरात शिरतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात ओळखला गेलेला माकडताप गोचिडींमार्फत पसरतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली त्याचे रुग्ण आढळले. फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला. त्या वेळी बाधित भागातील कोंबड्या नष्ट करून साथ रोखण्याचे कठीण काम पशुवैद्यकांनाच करावे लागले. सार्वजनिक आरोग्य हा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात याचसाठी आवश्यक मानला आहे. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध किंवा अंडी विकू नयेत, हे सांगणे हेही त्यांच्या कर्तव्यात मोडते.

प्रवेश आणि दहावीनंतरचा निर्णय

या अभ्यासक्रमासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असणे आवश्यक आहे. ज्याने अकरावीतच जीवशास्त्र सोडले, त्याला हे द्वार बहुधा बंद होते. म्हणून खरा निर्णय दहावीनंतरच्या उन्हाळ्यातच होतो. माध्यमिक शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या वेळीच निदर्शनास आणावी.

मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील १५ टक्के जागा ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेतील गुणवत्तेनुसार भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत देशभरातील विद्यार्थ्यांसाठी भरल्या जातात. उर्वरित जागा त्या-त्या राज्याच्या नियमांप्रमाणे भरल्या जातात व तेथे अधिवासाची अट महत्त्वाची ठरते. गोव्यासारख्या लहान राज्यातील विद्यार्थ्यांना या शिक्षणासाठी परप्रांतांचा आश्रय घ्यावा लागत आला आहे. त्यांच्या दृष्टीने अखिल भारतीय जागांना विशेष मोल आहे. प्रवेशापूर्वी महाविद्यालयास परिषदेची मान्यता आहे की नाही, याची खातरजमा अवश्य करावी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणी झाल्याविना पशुवैद्यक व्यवसाय करता येत नाही आणि मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही.

या भागातील विद्यार्थ्यांना सोयीच्या संस्था अनेक आहेत. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. इंदूरनजीक महू येथील महाविद्यालय १९५५ पासून, गुजरातेत आणंद येथील १९६४ पासून आणि हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील १९४६ पासून कार्यरत आहे. कर्नाटकात बीदर येथे या विषयांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे.

पदवीनंतर

पदवीधरास शासकीय पशुवैद्यकीय सेवा, सहकारी दूध संघ, बँका, विमा संस्था, लस उत्पादन, अंडी उबवणी केंद्रे, खाद्य कारखाने, प्राणिसंग्रहालये व सैन्यातील पशुवैद्यक दल अशी अनेक क्षेत्रे खुली असतात. कुक्कुटशास्त्रात विशेष गती असणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षण घेता येते. इज्जतनगर येथे १९७९ पासून पक्षी संशोधनाची केंद्रीय संस्थाही आहे. मुलींनीही या शाखेकडे संकोच न करता पाहावे. गावातील गोठ्याचे बहुतेक काम स्त्रियाच करतात. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकणारी पशुवैद्यक स्त्री त्यांचा मोठा आधार ठरते.

मात्र हे शिक्षण सुखासीन नोकरीची आशा धरणाऱ्यासाठी नव्हे. मध्यरात्री अडलेली म्हैस उजाडण्याची वाट पाहत नाही आणि घटसर्पाची साथ सुट्टीचा दिवस जाणत नाही. उपचाराचा खर्च जनावराच्या किमतीपेक्षा जड होतो आहे काय, याचा हिशेब मालकाच्या तोंडाकडे पाहत करावा लागतो आणि कधीकधी उपाय नाही, हेही स्पष्टपणे सांगावे लागते. शास्त्र, कष्ट व माणुसकी या तिन्हींची कसोटी येथे एकाच वेळी लागते.

गावातील शाळेत आज असा एखादा विद्यार्थी असेलच, जो आजारी वासराजवळून हलत नाही, जो प्रत्येक कोंबडी निरनिराळी ओळखतो. त्याची ही ओढ शिक्षकाने ओळखावी, पालकांनी तिला पोरखेळ समजू नये आणि ग्रामपंचायतीने व पशुवैद्यकीय दवाखान्याने त्याला योग्य माहिती पुरवावी. तो शिकून परतला, तर एका घराचीच नव्हे, तर साऱ्या पंचक्रोशीची दावण सुरक्षित होईल.