चर्च ऑफ नॉर्थ इंडिया
चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (उत्तर भारतीय चर्च) हा भारतातील सहा प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून निर्माण झालेला ख्रिस्ती पंथ होय. त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली. ‘ऐक्य, साक्ष, सेवा’ हे त्याचे ब्रीद आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या परदेशी मिशनांनी आपापल्या देशांतील पंथभेद भारतात आणले. अहमदनगरची मंडळी काँग्रिगेशनल, कोल्हापूरची प्रेस्बिटेरियन, तर इंग्रजी छावण्यांतील चर्च अँग्लिकन, असे चित्र होते. या भेदांची मुळे युरोप-अमेरिकेतील वादांत होती. मराठी ख्रिस्ती माणसाचा त्या वादांशी फारसा संबंध नव्हता. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. १९२९ मध्ये लखनौ येथे व्यापक ऐक्याची बोलणी सुरू झाली आणि ती चाळीस वर्षे चालली. सरतेशेवटी या संयुक्त चर्चसह अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट एकत्र आले. अमेरिकन परंपरेच्या मोठ्या मेथडिस्ट चर्चने मात्र अखेरच्या टप्प्यावर माघार घेतली.

सेवापदांचे एकीकरण

बोलणी लांबण्याचे मुख्य कारण पाळकांची दीक्षा हे होते. अँग्लिकन परंपरेनुसार बिशपने मस्तकावर हात ठेवल्याखेरीज दीक्षा पूर्ण होत नाही. इतर पंथांचे पाळक बिशपविना दीक्षित झालेले होते. त्यांना पुन्हा दीक्षा घ्यावयास सांगणे म्हणजे त्यांची आजवरची सेवा अपुरी ठरविणे होते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियाने जुन्या पाळकांना आहे तसे स्वीकारले व पुढील दीक्षा बिशपच्या हस्ते देण्याचे ठरविले. त्यामुळे दोन प्रकारचे पाळक बराच काळ शेजारी शेजारी राहिले आणि अनेक अँग्लिकनांचे समाधान झाले नाही.

उत्तरेत वेगळा मार्ग निवडला गेला. एकीकरणाच्या उपासनेत सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. बिशपांनीही इतरांपुढे मस्तक नमविले. ही पुनर्दीक्षा नव्हे, असे स्पष्ट करण्यात आले. कोणाच्या सेवेत काय उणे आहे, हे देवावर सोपविण्यात आले. ही संदिग्धता टीकाकारांना पळवाट वाटली. मात्र कोणाचाही अधिकार खोटा न ठरविता सर्वांनी काही तरी स्वीकारावे, असा दुसरा मार्ग तेव्हा पुढे आला नव्हता.

उपासना व रचना

बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही प्रथा मान्य आहेत. बॅप्टिस्टांच्या दृष्टीने ही मोठी तडजोड होती. डहाणू व दक्षिण गुजरात येथे कार्य केलेल्या ब्रदरेन पंथात प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याची प्रथा होती; येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या प्रसंगावर ती आधारलेली आहे. ज्येष्ठ वडिलांनाही या विधीत गुडघे टेकावे लागत.

बिशप, पाळक व सेवक (डीकन) ही तीन दीक्षित पदे असून कारभारात सामान्य सभासदही सहभागी असतात. पाळकक्षेत्र, धर्मप्रांत व सिनड अशी चढती रचना आहे. सिनडच्या प्रमुखास मॉडरेटर म्हणतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर व कोल्हापूर येथे धर्मप्रांत आहेत.

वाद

उपासनेतील ऐक्यापेक्षा मालमत्तेचे ऐक्य अवघड ठरले. काही स्थानिक मंडळ्यांनी एकीकरण नाकारले आणि जमिनी, चर्चच्या इमारती व शाळा यांवरून दीर्घ खटले चालले. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला, की नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची मालमत्ता केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने नव्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी न्यास कायद्यातील प्रक्रिया पाळावी लागते.