पार्किन्सनचं निदान झालं, आता घरात काय बोलायचं?

किनवट-मुखेडहून नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये यावं, उदगीर-औशाहून लातूर गाठावं, तिथे वडिलांना पार्किन्सन असल्याचं कळावं, आणि परतीच्या एसटीत आधी ठरावं ते हे की, कुणाला सांगायचं नाही. अशा झाकपाकीत महिने जातात आणि गैरसमज घट्ट होतात.

‘हा लकवाच आहे’ हा सगळ्यात जुना समज. लकव्यात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतात. निदान मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवर होतं. एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये काहीच नाही, मग आजार कसला?’ असं म्हणून गोळ्या ठेवून देऊ नयेत.

हात कापतो म्हणजे पार्किन्सनच, हेही खरं नाही. मांडीवर निवांत ठेवलेला हात कापत असेल तर शंका घ्यावी. चहाचा कप उचलतानाच कापत असेल तर कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. साधारण चारांपैकी एका रुग्णाला कंप नसतोच. अंग आखडतं, पावलं आखूड पडतात, अक्षर बारीक होतं, आवाज बसतो, आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, अॅसिडिटीसाठी लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड: ही औषधं आपल्याकडे घरोघरी आहेत. काही जणांत त्यांनीच हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. ज्यांना खरोखर पार्किन्सन आहे त्यांचा त्रास या औषधांनी वाढतो. म्हणून घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवा. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचाही असा परिणाम होतो, पण त्या मनाने बंद करू नका.

‘लेव्होडोपा लवकर सुरू केलं तर पुढे लागू पडत नाही, म्हणून गोळी राखून ठेवा’ हा सल्ला पार्किन्सनच्या या मुख्य औषधाबद्दल पारावर हमखास मिळतो. संशोधनाने त्याला दुजोरा दिलेला नाही. पुढे डोसचा असर लवकर उतरू लागतो तो मुख्यतः आजार वाढल्यामुळे. गोळीची वेळ मात्र पाळावीच लागते. वरण, उसळ, दूध यांतली प्रथिनं औषधाच्या शोषणात आडवी येतात, म्हणून डॉक्टर सहसा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घ्यायला सांगतात. एकादशी असो की लग्नाची धावपळ, डोस चुकवू नये. औषध एकदम तोडलं तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं. त्यांचं चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर डोस नकळत वाढतो.

‘हिंमत हरलेत, दुसरं काही नाही’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. उदासी आणि घाबरेपणा हे या आजाराचेच भाग आहेत, कधी कधी कंपाच्या आधीच येतात, आणि त्यांवर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.

‘आपल्या भागात मदत कुठे?’ हाही अर्धाच खरा समज. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनचा समावेश आहे. त्यामुळे युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. दिव्यांगत्वाची टक्केवारी शासकीय तपासणीत ठरते. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णगट चालवते. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि नातेवाइकांनीच उभं केलं. अशा गटांत माणसं एकत्र व्यायाम करतात, मोठ्याने वाचतात, गातात. नियमित व्यायामाने चाल आणि तोल सुधारतो, मोठ्याने वाचण्या-गाण्याने आवाजाला सराव मिळतो.

नांदेड-लातुरात त्यासाठी मोठी संस्था निघायची वाट पाहू नये. पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांना सांगा: असाच रुग्ण असलेलं एखादं घर तयार असेल, तर त्यांना आमचा नंबर द्या.