पासंग, शीग आणि पायली

बोलण्यात आपण अजून 'पैशाला पासरी' म्हणतो, 'पायलीचे पन्नास' म्हणतो. नाजूक तब्येतीला 'तोळामासा' म्हणतो आणि एखाद्याला कमी लेखायचे झाले तर 'तो याच्या पासंगालाही पुरत नाही' असे सुनावतो. पासंग म्हणजे काय, हे मात्र तराजू हाती घेतल्याशिवाय कळत नाही. दोन पारडी कधी अगदी सारखी नसतात. हलक्या पारड्याला खडा किंवा धातूचा तुकडा बांधून दांडी समतोल करतात. तो तुकडा म्हणजे पासंग.

अशा तराजूंवर चाललेले अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे जुने व्यापारी शहर. आडते बाजार, दाळमंडई, गंजबाजार ही नावेच व्यापाराची आहेत. तांब्यापितळेची भांडी हा इथला जुना धंदा; 1884 च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. इथले अहमदनगर ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय 1960 मध्ये सुरू झाले. मापांच्या कहाणीत ही वेळ फार बोलकी आहे, कारण 1956 च्या कायद्यानंतर 1958 पासून किलोग्रॅम बाजारात उतरला आणि 1962 पर्यंत शेर-मणाचा व्यवहार कायद्याने संपला. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली मापाची भांडी चार वर्षांत निकामी झाली. पितळेची मोडीत गेली, लाकडाची माळ्यावर पडली. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंना दालन मिळवून दिले आणि 1975 मध्ये तो संग्रह राज्य सरकारला दिला. माळ्यावरच्या मापालाही तोच मान मिळायला हवा.

कारण त्यात गणित आहे, आणि ते दुपटीचे आहे. दोन निळवी म्हणजे कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे तोंडपाठ, कारण प्रत्येक माप दोनदा भरले की पुढचे भरते. पुढे मात्र वाट फुटते. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा; वीस मणांची खंडी.

हे मोजणे वजनाचे नव्हते, आकारमानाचे होते. एका पायलीत मावणारी बाजरी आणि तीत मावणारे उडीद तराजूवर सारखे भरत नाहीत. शिवाय माप कसे भरायचे, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. काठावरून हात फिरवला तर सपाट माप. वर दाण्यांचा ढीग ठेवला तर शिगेचे. 'उत्साह शिगेला पोचला' म्हणताना आपण नकळत या ढिगाचेच नाव घेतो. देणाऱ्याघेणाऱ्याचे सारे भांडण त्या मूठभर दाण्यांत असे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारातली वजनेमापे तपासण्याचे काम होते, ते उगीच नाही.

सराफाचा काटा याच्या अगदी उलट टोकाचा. तिथे परिमाण होते रानवेलीची लालकाळी बी, गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात 96 गुंजा. तोळा सुमारे 11.66 ग्रॅमचा, म्हणून एक गुंज साधारण 0.12 ग्रॅम भरते. ही बी वाळल्यावर टणक राहते, म्हणून सोन्यासारख्या जिनसेला तिचा आधार.

संग्रहालयाच्या कपाटात नुसती 'पितळी माप' अशी चिठ्ठी लावली, तर यातले काहीच हाती लागत नाही. पायली पारनेरची की जामखेडची, तिथे मण कितीचा, तिने ज्वारी मोजली की हुलगे, माप सपाट की शिगेचे, एवढे तरी चिठ्ठीवर हवे. हे सांगू शकणारी म्हातारी माणसे गावोगाव आज थोडीच उरली आहेत. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. तो शब्दही पायलीसोबत टिपून ठेवायला हवा.