‘ॲड्रेस बुक दिसत नाही’: तक्रार एक, कारणे अनेक

‘सामायिक ॲड्रेस बुक उघडत नाही’ ही आयटी विभागाकडे वारंवार येणारी तक्रार. घाईत तिच्यावर एकच उपाय केला जातो: सर्वांना पूर्ण हक्क देऊन टाकायचे. तक्रार थांबते, पण पुरवठादारांचे, ग्राहकांचे, पालकांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली यादी त्या क्षणापासून कोणाच्याही हातून पुसली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर आणि आउटलुक वापरणाऱ्या कार्यालयांत या बाबतीत काही समजुती घट्ट रुजल्या आहेत. त्या तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज: ॲड्रेस बुक म्हणजे एकच यादी.

वस्तुस्थिती: आउटलुकच्या त्या एका खिडकीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली ग्लोबल ॲड्रेस लिस्ट. ही यादी ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या नोंदींवरून सर्व्हर स्वतः तयार करतो. कर्मचारी, ग्रुप, बैठकीच्या खोल्या असे सगळे तिच्यात येते आणि ती कोणी कोणाला ‘शेअर’ करत नाही. दुसरी म्हणजे एखाद्या मेलबॉक्समधला कॉन्टॅक्ट्स फोल्डर. तो मालकाने किंवा ॲडमिनने हक्क दिल्याशिवाय इतरांना उघडत नाही. पहिलीतला बिघाड सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधायचा, दुसरीतला फोल्डरच्या परवानग्यांत. म्हणून तक्रार आली की आधी विचारायचे: यातली कोणती यादी?

गैरसमज: मुख्य फोल्डरवर हक्क दिला की आतले सगळे फोल्डर आपोआप उघडतात.

वस्तुस्थिती: नवा उपफोल्डर तयार होतो त्या वेळी वरच्या फोल्डरच्या परवानग्या त्याला मिळतात. नंतर वर केलेला बदल खाली उतरत नाही. समजा, ‘ग्राहक’ फोल्डरच्या आत ‘पुणे’ आणि ‘नाशिक’ असे दोन फोल्डर आधीपासून आहेत. नव्या सहकाऱ्याला ‘ग्राहक’वर हक्क दिला, तरी आतल्या दोन्हींवर तो वेगळा द्यावा लागतो. उलट बाजूनेही अडते. फक्त ‘पुणे’वर हक्क दिला आणि वरच्या फोल्डरवर ‘फोल्डर व्हिजिबल’ची खूण राहून गेली, तर फोल्डरच्या यादीतून ‘पुणे’पर्यंत पोहोचताच येत नाही.

गैरसमज: ग्रुपला हक्क दिला म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाला मिळाला.

वस्तुस्थिती: त्यासाठी ग्रुप सिक्युरिटी प्रकारचा असावा लागतो. फक्त मेल वाटण्यासाठी केलेला डिस्ट्रिब्युशन ग्रुप इथे चालत नाही. शिवाय फोल्डरच्या यादीत एखाद्या व्यक्तीची स्वतंत्र नोंद असेल, तर ग्रुपऐवजी तीच नोंद लागू होते. जुन्या विभागात असताना कोणाच्या नावापुढे ‘नन’ लिहिले गेले असेल, तर नव्या ग्रुपमध्ये घेऊनही त्याला फोल्डर बंदच राहतो. उपाय साधा आहे: ती जुनी नोंद काढून टाकणे.

गैरसमज: सर्वांना ‘ओनर’ केले की कटकट मिटते.

वस्तुस्थिती: बहुतेकांना यादी फक्त वाचायची असते आणि त्यासाठी ‘रिव्ह्यूअर’ पुरतो. ‘ऑथर’ला नव्या नोंदी करता येतात आणि आपण केलेल्या नोंदी बदलता येतात. ‘एडिटर’ सगळ्यांच्या नोंदी बदलू आणि पुसू शकतो. ‘ओनर’ त्यापुढे जाऊन इतरांचे हक्कही बदलतो. दोघा-तिघांना ‘एडिटर’ आणि बाकीच्यांना ‘रिव्ह्यूअर’ ही विभागणी बहुतेक कार्यालयांना पुरेशी आहे.

नोंदी चुकून पुसल्या गेल्याच, तर आउटलुकच्या मूळ मांडणीत त्या पुसणाऱ्याच्या ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातात. शोध तिथून सुरू करावा. तिथूनही पुसल्या असतील, तर सेटिंग बदललेली नसल्यास सर्व्हर त्या आणखी १४ दिवस राखून ठेवतो.

गैरसमज: नवे नाव यादीत लगेच दिसले नाही, म्हणजे परवानगी चुकली.

वस्तुस्थिती: कॅश्ड मोडमधले आउटलुक संगणकावर उतरवलेली ऑफलाइन ॲड्रेस बुक वाचते आणि ती साधारण २४ तासांतून एकदा ताजी करते. वेब आउटलुकमध्ये नाव दिसत असेल, तर परवानग्यांना हात न लावता ऑफलाइन प्रत पुन्हा उतरवून घ्यावी.

गैरसमज: यादीतून लपवलेला पत्ता सुरक्षित असतो.

वस्तुस्थिती: लपवलेला पत्ता ठाऊक असलेला माणूस त्यावर मेल पाठवू शकतोच. एक्स्चेंज २०१० च्या सर्व्हिस पॅक २ पासून ॲड्रेस बुक पॉलिसी आली. एकाच सर्व्हरवरच्या दोन संस्थांना वेगवेगळ्या याद्या दाखवायला ती उपयोगी आहे. पण ती फक्त काय दिसावे हे ठरवते. थेट एलडॅपवरून ॲक्टिव्ह डिरेक्टरी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती अडवत नाही.

दिसण्याचा हक्क आणि पाठवण्याचा हक्क वेगळे ठेवले नाहीत तर काय होते, हे १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये दिसले. ‘बेडलम डीएल३’ नावाच्या ग्रुपमध्ये सुमारे १३,००० कर्मचारी होते. त्यांतल्या एकाने ‘मला यातून काढा’ असे सर्वांना लिहिले आणि इतरांनीही तसेच लिहायला सुरुवात केली. सुमारे तासाभरात दीड कोटींच्या आसपास मेल सर्व्हरवर आदळले. आज एक्स्चेंजमध्ये नवा ग्रुप केला की तो आधी फक्त संस्थेच्या आतल्यांचे मेल स्वीकारतो. त्यापुढे नेमके कोण पाठवू शकेल, हे ॲडमिनला ‘डिलिव्हरी मॅनेजमेंट’मध्ये नावानिशी ठरवता येते.