अतिभरित एंजिनासाठी कॅमदंडाची निवड : धाराशिव जिल्ह्यातील मालवाहू पिकअपच्या संदर्भात

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे; तुळजापूर व धाराशिव बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६५० मीटरांवर. सिमेंटची वा खताची पोती घेऊन सोलापूरहून परतणाऱ्या पिकअप गाडीस तुळजापूरचा घाट चढावा लागतो. तेथे तिची परीक्षा वेगाची नसते. मंद फिरणारे एंजिन किती भार ओढते, याची असते. पठारावर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो, आणि वैशाखातील दुपारी तपमान ४२ अंशांवर गेले की हवा आणखी विरळ होते. समुद्रसपाटीवरील १५ अंश तपमानाच्या हवेशी तुलना करता एंजिनास दर चोषणधावेत सुमारे १५ टक्के हवा कमी मिळते. ही उणीव भरून काढण्यासाठी हवा दाबून सिलिंडरात भरणे, यास अतिभरण म्हणतात. परंतु दाबून भरलेली हवा आत किती टिकेल, हे बऱ्याच अंशी कॅमदंडावर अवलंबून असते.

चार धावांच्या एंजिनात भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमदंडाचा एक फेरा होतो. त्यावरील उंचवटे झडपा केव्हा, किती आणि किती काळ उघडाव्यात हे ठरवितात. निष्कास झडप पूर्ण मिटण्यापूर्वीच चोषण झडप उघडू लागते; म्हणजे काही काळ दोन्ही दारे एकदमच उघडी असतात. साध्या, जलद फिरणाऱ्या एंजिनात हा सामाईक काळ उपकारक ठरतो, कारण बाहेर धावणारा धूर आपल्यामागे ताजी हवा ओढून घेतो. अतिभरित एंजिनात हवेला ओढण्याची गरजच नसते. ती दाबाखाली दारात उभीच असते. पट्ट्यावर चालणारा अतिभरक जोडलेल्या पेट्रोल एंजिनात दोन्ही झडपा दीर्घकाळ उघड्या राहिल्या, तर चोषण मार्गात मिसळलेले पेट्रोल हवेबरोबर सरळ धुराड्यात जाते. डीझेलमध्ये या वेळी केवळ हवा वाया जाते, इंधन नव्हे. उलट तिने निष्कास झडप थंडही होते. म्हणूनच मोठ्या स्थिर डीझेल एंजिनांत हा काळ मुद्दाम लांब ठेवीत.

हा काळ मोजण्याची रीत सोपी आहे. दोन्ही झडपा प्रत्येकी २६० अंश उघड्या राहत असतील आणि चोषण व निष्कास कॅमच्या शिखरांतील कोन कॅमदंडावर १०८ अंश असेल, तर २६० मधून १०८ ची दुप्पट वजा करता ४४ अंश उरतात. हाच कोन ११४ केला की सामाईक काळ ३२ अंशांवर येतो. उंचवटे तेच, केवळ कोन सहा अंशांनी रुंदावला, तरी १२ अंशांचा फरक पडला. पट्ट्यावरील अतिभरकासाठी रुंद कोनाचा कॅमदंड पसंत करतात तो यामुळे. शिवाय जास्त भरणातून जास्त धूरही निघतो. म्हणून निष्कास कॅम चोषणापेक्षा थोडा अधिक काळ उघडा ठेवणे योग्य ठरते.

धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बो अतिभरकाची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ज्याचे पेटंट घेतले, त्या कल्पनेतून आलेल्या या यंत्रात धुराला चक्राचा अडथळा असतो. चढावर एंजिन मंद असताना निष्कास बाजूचा दाब चोषण बाजूहून अधिक झाला, तर उघड्या दारातून धूर उलटा सिलिंडरात शिरतो. येथेही सामाईक काळ आखूडच हवा, मात्र कारण नेमके उलट!

चोषण झडप मिटण्याची वेळही दुर्लक्षिता येत नाही. ती फार उशिरा मिटल्यास मंद गतीत वर येणारा दट्ट्या भरलेली हवा परत ढकलतो आणि घाटात ओढ कमी पडते. शर्यतीच्या मोटारीचा 'मोठा' कॅम पिकअपमध्ये बसविण्याचा मोह टाळावा तो याच कारणाने. झडपेच्या स्प्रिंगाही तपासाव्या लागतात : ४० मिलिमीटर व्यासाच्या चोषण झडपेवर अर्ध्या वातावरणाचा जादा दाब सुमारे साडेसहा किलोग्रॅम भार टाकतो, आणि तोही ती उघडण्याच्या दिशेने.

जिल्ह्यातील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक पिकअप मात्र कारखान्यातूनच टर्बो जोडलेल्या डीझेल गाड्या आहेत. त्यांचा कॅमदंड त्या टर्बोशी जुळवूनच घडविलेला असल्याने तो बदलून फारसे काही साधत नाही. डीझेलचे संपीडन अधिक असल्यामुळे दट्ट्या वरच्या टोकास असता झडपेसाठी जागा फार थोडी उरते; मोठा कॅम बसविल्यास झडप दट्ट्यावर आदळू शकते. बाहेरून नवा अतिभरक जोडण्याच्या वाटेत कायदाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही.

त्यामुळे निवडीचा प्रसंग येथे बहुधा दुरुस्तीत येतो. झिजलेला कॅमदंड पुन्हा घासून घेतला की उंचवट्याचा आकार अचूक राहीलच असे नाही, आणि वरचा कठीण थर निघून गेल्यास तो लवकरच पुन्हा झिजतो. दोन-चार हजार रुपये वाचविण्यासाठी असा दंड घेणे महागात पडते. त्याच एंजिनाच्या क्रमांकाचा मूळ दंड घ्यावा. जुळणी करताना दात्यांच्या खुणा मिळवाव्यात, कारण एका दाताची चूकही झडपांची वेळ कित्येक अंशांनी बिघडविते. नंतर भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावा. कोठे अडल्यास जोर न लावता खुणा पुन्हा तपासाव्यात, आणि मगच एंजिन सुरू करावे.